हवामानाच्या अंदाजाला निरीक्षणाचं कलम कसं भरतात?

पलूसचे_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. फळछाटणीला चाळीस दिवस झाले होते, द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात. मोबाईलवरचं एक अ‍ॅप सलग तीन दिवस आमच्या गावाला कोरडं दाखवत होतं, म्हणून डाऊनी या बुरशीची फवारणी मी दोन दिवस पुढं ढकलली. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास शेडच्या पत्र्यावर पहिले थेंब वाजले. पहाटे बॅटरी घेऊन बागेत शिरलो. घड हातात धरून हलकेच झटकला की फुलांत साठलेलं पाणी आणि त्याच्यासोबत बारीक हिरवे मणी तळहातावर पडत होते. पाचव्या दिवशी कूज दिसली, आठव्या दिवशी पानामागं पांढरी बुरशी. दीड एकरातला निम्म्याहून जास्त माल तिथंच गेला.

कुणाला बोल लावायला मी इथं आलेलो नाही. 'कोरडं' हा शब्द त्या पडद्यावर येतो कुठून, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. पेला काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, पालथा धरायचा, पाणी सांडत नाही, हा हवेचा दाब. शेकडो पोरांना हे दाखवलं असेल. पण उद्याच्या पावसाचा हिशोब त्याच दाबाच्या मोजमापापासून सुरू होतो, हे निवृत्तीनंतर वाचलं तेव्हा कळलं.

समजलं ते असं. हवा कशी वाहते, कशी तापते, वाफ कशी धरते आणि सोडते याचे नियम गणितात मांडलेले असतात. पृथ्वीभोवतीच्या हवेचे ठोकळे पाडायचे आणि एकेका ठोकळ्यासाठी ते गणित सोडवत पुढं जायचं, हे मॉडेलचं काम. नियम कितीही पक्के असोत, आत्ता हवा कशी आहे हे सांगितल्याशिवाय मॉडेलला उद्याची हवा सांगता येत नाही. आणि आत्ताची हवा पुरती कुणालाच ठाऊक नसते. मोजमापं खरी, पण तुटक. वरची हवा मोजणारा एक फुगा मुंबईला, एक गोव्याला, एक हैदराबादला, मध्ये आपण. मॉडेलकडं सगळीकडचं चित्र असतं, पण ते त्यानं स्वतःच काढलेलं असतं. या दोन्ही गोष्टी सांधण्याला डेटा असिमिलेशन म्हणतात.

मला ते कलमासारखं वाटतं. आपण आधी डॉगरिजचा रानटी खुंट लावतो, तो मुळं धरतो, मग त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतो. मॉडेलचा मागच्या सहा तासांचा अंदाज हा खुंट. त्यावर ताज्या मोजमापांची काडी भरायची, त्यातून आत्ताची स्थिती ठरवायची, तिथून पुढचा अंदाज सोडायचा. सहा तासांनी पुन्हा तेच. दिवसरात्र.

एक लहान गणित. आकडे फक्त समजण्यापुरते. डिसेंबरची पहाट आहे. मॉडेल म्हणतं बागेत १४ अंश, त्याची नेहमीची चूक २ अंशांची. थर्मामीटर म्हणतो ११, त्याची चूक १ अंशाची. सरसकट सरासरी काढली तर १२.५ येते, पण ती काढायची नसते. ज्याची चूक मोठी त्याला वजन कमी, आणि तेही चुकीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात. म्हणजे मॉडेलला पाव, थर्मामीटरला एक. (१४ × ०.२५ + ११ × १) ÷ १.२५ = ११.६. या ११.६ ची स्वतःची चूक निघते सुमारे ०.९ अंश, म्हणजे दोघांच्याही चुकीपेक्षा कमी! विश्वास बसेना म्हणून कागदावर तीनदा करून बघितलं. दोघं वेगवेगळ्या कारणांनी चुकत असतील तर दोघांचं मिळून जे येतं ते दोघांतल्या चांगल्यापेक्षाही चांगलं असतं. मॉडेल चुकतं म्हणून ते टाकून द्यायला मी निघालो होतो, या एका गणितानं मला थांबवलं.

कलम नीट बसलं नाही तर काय होतं याचा जुना दाखला लुईस फ्राय रिचर्डसन यांचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना त्यांनी २० मे १९१० या दिवसाची मोजमापं घेतली आणि कागद-पेन्सिलीनं सहा तासांचा अंदाज काढला. उत्तर आलं, दाब १४५ हेक्टोपास्कलनं (हे दाबाचं माप) बदलेल. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. १९२२ साली त्यांनी ही चूक न झाकता पुस्तकात छापली, याचं मला फार मोल वाटतं. नियम बरोबर होते. कच्ची मोजमापं जशीच्या तशी घातल्यामुळं वारा आणि दाब यांचा मेळ बसला नव्हता. खुंटाची आणि काडीची साल जुळली नाही की डोळा फुटत नाही, तसंच.

आता माझी अडचण. यंदा बागेत एक स्वयंचलित हवामान यंत्र बसवलंय. तापमान, आर्द्रता, पानाचा ओलावा, पाऊस आणि दाब. पहिल्या चारांचं मला कळतं. दाब मला घाबरवतोय. यंत्र ९४८ दाखवतं आणि मोबाईल १०१३. शिवाय रोज दुपारनंतर तीन-चार आकड्यांनी तो खाली येतो, की मला वाटतं वादळ आलं. यंत्र बिघडलंय का? आणि आमच्यासारख्यांची ही मोजमापं त्या मोठ्या गणितात कुठं कामाला येतात का? जाणकारांनी सांगावं.

---

गावभाग_सांगली

सर, तुमचं वाचताना आमचे मोठे काका डोळ्यासमोर आले. पुराच्या दिवसांत ते वही घेऊन ओट्यावर बसायचे. कोयनेतून विसर्ग किती, कराडला कृष्णा पुलावर किती, मग बहे, ताकारी, भिलवडी. त्यावरनं उद्या सकाळी सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट, हा आकडा ते आधीच लिहून ठेवायचे. भिलवडीचा आकडा त्यांच्या हिशोबापेक्षा फूटभर कमी आला तर स्वतःचं सगळं खोडत नसत, आणि आलेला आकडा डोळे झाकून घेतही नसत. म्हणायचे, "मधल्या ओढ्यांनी पाणी कमी दिलं असेल, अर्धा फूट उतरव. हरिपुरात वारणेचा फुगवटा किती आहे ते बघून मग आयर्विनचं सांगतो." पुढचा आकडा आला की पुन्हा तेच.

४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आमच्या गल्लीत पोरंटोरं पण सांगतात. २०१९ च्या ऑगस्टात मात्र काकांची वही चुकली. २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेलं होतं, तो अनुभव धरून त्यांनी सगळं सामान माळ्यावर चढवलं. पाणी ५७ च्या पुढं गेलं. माळ्यापर्यंत आलं. ब्रह्मनाळला नाव उलटली त्या दिवशी आम्ही शेजारच्या गच्चीवर होतो आणि काका एकच वाक्य परत परत बोलत होते, "वर पाऊस किती पडतोय तो आकडाच येत नाही."

काका करायचे तेच का हे असिमिलेशन?

---

वाईची_लेक

सर, गावभागवाले दादा, दोघांनाही नमस्कार. माझं माहेर वाई. पुण्यात बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दादा, हो. काका करायचे ते हेच. आधी अंदाज, मग नवीन आकडा, मग दोघांवरचा विश्वास तोलून दुरुस्ती, मग पुढचा अंदाज. १९६० साली रुडॉल्फ काल्मन यांनी हे गणितात मांडलं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांची जागा ओळखायला तीच रीत वापरली. काकांकडं पाच-सहा पूल होते. हवामानाच्या मॉडेलमध्ये ठरवायचे आकडे कोट्यवधी असतात, त्यामुळं तेच गणित तसंच्या तसं करता येत नाही, वेगळ्या युक्त्या लागतात. रीत मात्र काकांचीच.

आता सरांचा दाब. सर, यंत्र अगदी बरोबर आहे! तुमचं रान समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर उंचावर असणार. तिथं खरा दाब ९४८ च्या आसपासच असतो. मोबाईल दाखवतो तो समुद्रसपाटीला उतरवलेला, म्हणजे तुमच्या पायाखालचा डोंगर नसता तर किती असता तो. म्हणून यंत्राची उंची अचूक माहीत असणं फार गरजेचं. उंचीत आठ-नऊ मीटरची चूक झाली तर दाबात जवळजवळ एक हेक्टोपास्कलची होते, आणि एवढ्या चुकीनं मोजमाप निकामी ठरू शकतं.

रोज दुपारची घसरणही खरी आहे. आपल्या पट्ट्यात दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, मग रात्री दहाला वर, पहाटे चारला खाली. समुद्राला जशी भरती-ओहोटी तशी ही हवेची, पण चंद्राची नव्हे, सूर्याच्या तापण्याची. घाबरायचं ते रोजची लय मोडली तर. दुपारी चारला उतरलेला दाब रात्री दहापर्यंत वर आलाच नाही, तर पश्चिमेकडं बघा.

आणि सर, तुमच्याकडच्या पाच आकड्यांत मॉडेलच्या सगळ्यात कामाचा कोणता, तर तुम्हाला घाबरवणारा हाच. तापमान झाडाखाली वेगळं, बांधावर वेगळं. पाऊस तर या शेतात आहे आणि त्या शेतात नाही. दाब म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या अख्ख्या खांबाचं वजन, आणि तो दहा-वीस किलोमीटरांत अचानक बदलत नाही. एक नीट मोजलेला दाब आजूबाजूच्या मोठ्या भागाची बातमी देतो. शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या दाबाच्या जुन्या नोंदी, जवळजवळ तेवढ्याच, मॉडेलमध्ये भरून थेट १८३६ पासूनचं जगभरचं हवामान पुन्हा उभं केलंय. जहाजांवरच्या, वेधशाळांतल्या वह्यांमधले आकडे माणसांनी बसून उतरवले, त्यावर हे झालं. फुगा नाही, उपग्रह नाही, आणि तरी वरच्या हवेचं चित्र मिळतं. मला दरवेळी याचं नवल वाटतं.

आता पाऊस का चुकतो ते. वाईत वाढल्यामुळं हे मी पायांनी अनुभवलंय. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही नसलेल्या वाईत हजाराच्या आत. १२ किलोमीटरच्या ठोकळ्यांचं मॉडेल घेतलं तर या सगळ्याला दोन-तीन ठोकळे येतात. ठोकळ्यात कडा आणि दरी यांची सरासरी होते, सह्याद्री बुटका आणि गोल होतो. मॉडेलमधले ढग त्या बुटक्या डोंगराला अडतात, खऱ्या कड्याला नाही. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचे ठोकळे ६ किलोमीटरचे आहेत, त्यामुळं डोंगर जरा डोंगरासारखा दिसायला लागलाय.

पण इथंच असिमिलेशनची खरी अडचण येते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सांगलीत वर्षभरात साधारण जेवढा पडतो तेवढा एका दिवसात, आणि तोही ज्याला आपण म्हातारा पाऊस म्हणतो त्या पुष्य नक्षत्रात. आकडा खरा आहे. पण तो अख्ख्या ठोकळ्याचा आहे का? नाही. तो डोंगरमाथ्यावरच्या एका जागेचा आहे. मॉडेलनं त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला तर शेजारच्या दरीतही तेवढं पाणी पाडेल. म्हणून मोजमापाची चूक म्हणजे फक्त यंत्राची चूक नव्हे. ते मोजमाप केवढ्या जागेबद्दल बोलतंय आणि मॉडेल केवढ्या, यातलं अंतरही त्या चुकीत धरावं लागतं. सरांच्या गणितात थर्मामीटरची चूक १ अंश होती, तिथं ही दुसरी चूक मिळवली की त्याचं वजन कमी होतं. नवीन माणसाला हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

रडारचंही तसंच. गोव्याच्या रडारचा सगळ्यात खालचा किरण सांगलीपर्यंत येतो तेव्हा पृथ्वीच्या गोलाईमुळं जवळजवळ तीन किलोमीटर उंच गेलेला असतो. पावसाळ्यात घाटावरचे ढग पुष्कळदा बुटके, तिथल्या पावसाचा मोठा भाग किरणाच्या खालीच राहतो. म्हणून आमच्या मांढरदेवीच्या डोंगरावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं रडार बसवून अभ्यास केला, आणि महाबळेश्वरात २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा आहे. तिथं अक्षरशः ढगात बसून थेंब मोजतात.

जेवायला उठते. उरलेलं नंतर.

---

बेदाणा_शेड

रामराम सर, रामराम ताई. मी तासगावकडचा. शिक्षण बेताचं, पण सगळं दोनदा वाचलं.

आमचं दुखणं फेब्रुवारी-मार्चचं. माल रॅकवर टाकला की बारा-पंधरा दिवस आभाळ स्वच्छ पायजे. चौथ्या-पाचव्या दिवशी नुसतं ढगाळ होऊन दमट झालं तरी बेदाणा काळा पडतो, पाऊस लागला तर विचारू नका. ताडपत्री सोडायला आम्हाला दोन तास लागतात, आणि माणसं आधी सांगून ठेवावी लागतात. मला पाऊस किती मिलिमीटर हे नको. येण्याची शक्यता दहात किती, एवढं सांगा. दहात तीन असली तरी मी माणसं बोलावतो, कारण माणसांची मजुरी आणि मालाचं नुकसान यात जमीन-अस्मानाचा फरक हाय.

दुसरं. आमच्याकडं एके ठिकाणी बसवलेलं हवामान यंत्र मी स्वतः बघितलंय. बसवताना शेजारी काही नव्हतं, आता तिथं एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला सुबाभूळ. पाऊस तिरका आला की यंत्रात निम्मा पण पडत न्हाई. त्याच आकड्यावर आमचा फळपीक विमा. नोंद कोरडी, माल भिजलेला. दोनदा अर्ज दिला, माणूस आला, फोटो काढून गेला. ते यंत्र जर ताईंच्या मॉडेलला असलंच सांगत असेल तर काय?

---

वाईची_लेक

दादा, तुमचा दुसरा प्रश्न वाचून वाईट वाटलं, आणि त्याचं उत्तर सोपंही नाही.

मोठ्या मॉडेलमध्ये मोजमाप आत येण्याआधी त्याची झडती होते. शेजारच्या यंत्रांशी जुळतं का, मॉडेलच्या अंदाजापासून किती लांब आहे, कालपर्यंत कसं वागत होतं. फारच वेगळं असेल तर बाहेर काढतात. सारखं एकाच बाजूला चुकत असेल तर ती सवय हिशोबात धरून दुरुस्त करतात. उपग्रहांच्या बाबतीत ही सवय-दुरुस्ती रोज चालते. त्यामुळं भिंतीआडच्या एका यंत्रानं अंदाज बिघडणार नाही. पण विम्याच्या कागदावर त्या यंत्राशेजारी कुणी नसतं. तिथं ते एकटंच साक्षीदार, म्हणून तिथली चूक थेट माणसाला लागते. नियम असा आहे की पर्जन्यमापक उघड्यावर हवा, आणि भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. सुबाभूळ पंधरा फूट असेल तर तीस फूट. हे अंतर टेपनं मोजा, टेप दिसेल असा फोटो घ्या आणि तो अर्जाला जोडा. जवळच एक साधा हातानं मोजायचा पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठची नोंद ठेवा. दोन महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की सांगावं लागत नाही.

पहिलं तुम्ही विचारलंत ते फार नेमकं आहे. दहात किती, हे काढायची रीत अशी: असिमिलेशननं ठरवलेली स्थितीही थोडी चुकलेली असणारच. मग त्या चुकीएवढे बारीक फरक करून वीस-पंचवीस सुरुवाती घ्यायच्या आणि प्रत्येकीपासून मॉडेल सोडायचं. त्यातले किती तासगाववर पाऊस पाडतात ते मोजायचं. भारतीय हवामान विभागाकडं १२ किलोमीटरचं असं समूह-मॉडेल २०१८ पासून आहे. अंदाजात 'तुरळक ठिकाणी शक्यता' असं येतं ना, त्याच्या मागं आकडे असतात. ते आकडे तुमच्यापर्यंत शब्द होऊन पोचतात, हे मला स्वतःला खटकतं. ताडपत्री कधी सोडायची हे तुमचं गणित आहे, तुम्हाला आकडाच मिळायला हवा.

---

मिरज_आयटी

चांगली चर्चा. पण एक शंका. २०२३ मध्ये ग्राफकास्ट आणि पांगू-वेदर ही एआय मॉडेलं आली. एआय दहा दिवसांचा अंदाज एका मशीनवर मिनिटभरात काढतं, आणि पुष्कळ बाबतीत जुन्या मॉडेलच्या तोडीचा किंवा सरस. युरोपच्या हवामान केंद्रानं तर फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या कामात आणलंय. मग हे ठोकळे, नियम, असिमिलेशन किती दिवस टिकणार?

---

वाईची_लेक

शंका रास्त आहे. ठोकळे आणि नियम यांचं काय होईल यावर आमच्यातही रोज वाद होतात. असिमिलेशनबद्दल मात्र माझं मत ठाम आहे.

ही एआय मॉडेल शिकली कशावर? बहुतेक सगळी ईआरए५ नावाच्या संचावर. १९४० पासूनचं, तासातासाचं, जगभरचं हवामान. ते कुणी थेट मोजलेलं नाही. त्या त्या काळची मोजमापं आजच्या एकाच मॉडेलमध्ये सांधून युरोपच्या केंद्रानं ते तयार केलं. रीत फोर-डी-व्हार, जी त्यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये रोजच्या कामात आणली. बारा तासांत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी आलेली मोजमापं एकत्र धरायची आणि अशी सुरुवात शोधायची की तिथून सोडलेलं मॉडेल त्या सगळ्यांच्या जवळून जाईल. पोराला गणित शिकवलं ते या वहीवरून. आणि रोज सकाळी अंदाज काढायलाही आत्ताची स्थिती लागतेच, ती आज तरी असिमिलेशनमधूनच येते. मोजमापांवरून थेट शिकायचे प्रयत्न चालू आहेत, पण तिथंही मोजमाप लागणारच ना.

मोजमाप गेलं की काय होतं हे आम्ही २०२० मध्ये बघितलं. विमानं जाता-येता तापमान आणि वारा कळवत असतात. टाळेबंदीत ती जमिनीवर बसली आणि जागतिक हवामान संघटनेच्या सांगण्यानुसार विमानांकडून येणारी मोजमापं सरासरी ७५ ते ८० टक्क्यांनी घटली. त्या एप्रिलमध्ये रोज सकाळी पडद्यावर नकाशा उघडायचा आणि जिथं ठिपक्यांची दाटी असायची तिथं पांढरं दिसायचं. उपग्रहांनी बरंच निभावलं. तरी ते पांढरं मला अजून आठवतं.

---

जतकर

आमच्याकडं पुराचा प्रश्न नाही, पाणी येतच नाही. जतला उद्याचा पाऊस कळून काय करू? मला मे महिन्यात कळायला पायजे की यंदा तूर पेरू का बाजरी, जनावरं ठेवू का विकू. २०१९ ला एप्रिलमध्ये सांगितलं होतं, देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस. जून संपला तेव्हा देशात ३३ टक्के तूट. शेवटी झाला ११० टक्के. सांगली बुडाली आणि आमची जनावरं छावणीत. एवढ्या लांबचं सांगताना निरीक्षण कशाचं घेतात?

---

वाईची_लेक

दादा, लांबच्या अंदाजात हवेची आठवण दोन आठवड्यांत पुसली जाते. १९६३ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवलं की सुरुवातीतला कणभर फरक वाढत वाढत सगळं चित्र बदलतो. महिन्यांची आठवण ठेवतो तो समुद्र, आणि थोडीफार जमिनीतली ओल. म्हणून हंगामाच्या अंदाजात सांधायचं ते समुद्राचं मोजमाप. साधारण चार हजार आर्गो तरंगते (मोजमाप घेणारी तरंगती यंत्रं) जगभरच्या समुद्रात सोडलेले आहेत. प्रत्येक जण दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटर खोल जाऊन वर येतो, वाटेत तापमान आणि खारटपणा मोजतो, वर आला की उपग्रहाला सांगतो. भारताचं हे काम हैदराबादचं इन्कॉईस हे महासागर केंद्र बघतं.

२०१९ ला हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा खूपच तापला आणि तो फरक पावसाळा पुढं सरकला तसा वाढत गेला. एप्रिलमध्ये त्याचं बळ पुरतं दिसत नव्हतं. समुद्राच्या पोटातलं जेवढं आधी दिसेल तेवढा असा अंदाज सुधारेल. पण तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. देशाचा आकडा बरोबर आला तरी जत तालुक्याचा आकडा मे महिन्यात खात्रीनं सांगणं आज जमत नाही. तुमच्या निर्णयाला दोन-तीन आठवड्यांचा अंदाज जास्त उपयोगी, तो दर गुरुवारी नवा येतो, पेरणीच्या आधी तो बघा.

गेल्या चाळीसेक वर्षांत जतचा पाऊस बदलला का हे पाहायचं असेल तर नोएडाच्या हवामान केंद्रानं ब्रिटनच्या हवामान खात्यासोबत १९७९ पासूनचं भारताचं हवामान १२ किलोमीटरवर पुन्हा बांधलंय. वापरताना एक काळजी घ्यावी लागते. १९८० च्या दशकात मोजमापं कमी, आता उपग्रहांचा पूर. संचातला एखादा बदल हवेचा असतो, एखादा फक्त मोजणाऱ्यांचा. तो वेगळा काढायला जुन्या पर्जन्यमापकाच्या वह्याच लागतात. तालुक्याच्या ठिकाणी, साखर कारखान्यात, जुन्या बंगल्यात कुठं अशा वह्या असतील तर रद्दीत जाऊ देऊ नका.

---

पलूसचे_मास्तर (धागाकर्ता)

ताई, आज पहिलं काम म्हणजे यंत्र हलवलं. शेडपासून सात फुटांवर होतं, शेड अकरा फूट उंच. आता बांधाच्या टोकाला, सगळ्या बाजूंनी उघडं. उंची नकाशावरून काढून यंत्रात भरली. दुपारी चारला दाब ९४६, रात्री दहाला ९४९. लय तुम्ही सांगितली तशीच. आमच्या शाळेतल्या आठवीच्या पोरांना रोज सकाळी साडेआठची नोंद द्यायचं कबूल केलंय, ती आलेख काढणार आहेत.

बेदाणावाले दादा, टेप घेऊन मी येतो तुमच्याकडं, रविवार सोडून कधीही सांगा.

गावभागवाले, काकांची २०१९ ची वही शिल्लक आहे का हो?

---

गावभाग_सांगली

सर, आज माळा उपसला. वही सापडली. पुराच्या पाण्यात पानं एकमेकांना चिकटली आहेत, वाफेवर धरून एकेक सोडवतोय. पेनानं लिहिलेलं सगळं पसरलंय, फक्त निळा डाग. पण आकडे काका पेन्सिलीनं लिहायचे. कराड, बहे, ताकारी, भिलवडी, प्रत्येकापुढं वेळ, आणि शेजारी बारक्या अक्षरात त्यांचा आधीचा अंदाज. ६ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंतचं वाचता येतंय. पुढची पाच पानं अजून सुटली नाहीत.

काका शेजारी बसून वेळा सांगतायत, मी उतरवतोय. भिलवडीचा रकाना आधी घेतो.